पिझ्झा बावखलात उभा राहिला

"मावशी, काल आम्ही पिझ्झा मागवला होता."

वईपलीकडे विळीचा आवाज थांबला. मावशी सकाळची मिस्सा करून आल्या होत्या आणि परसात मासळी साफ करायला बसल्या होत्या. ऐकण्यासारखं काही असलं की त्या बसून ऐकत नाहीत. कोयनेलीच्या वर आधी त्यांचा अंबाडा आला, मग चष्मा.

"मग आम्हाला नाही बोलावलंस?"

"बोलावण्यासारखा असता तर बोलावलं नसतं का?"

"म्हणजे वाईट निघाला," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला. परक्या खाण्याची निंदा ऐकायला त्यांना मनापासून आवडतं.

आमची परसं एकमेकांना लागून आहेत, दारं मात्र दोन वेगळ्या गल्ल्यांत. वईवरून त्यांच्याकडे जायचं तर चार पावलं. रस्त्याने जायचं तर माझ्या फाटकातून बाहेर, फणसापासून उजवीकडे, बावखलाला, म्हणजे तळ्याला, अख्खा वळसा, मग क्रूस, मग त्यांची ओटी. पावसाळ्यात चिखल असला तर दहा मिनिटं. म्हणून लग्न होऊन वसईतल्या होळी गावात आल्यापासून आमचा सगळा व्यवहार वईवरूनच. आळवाची पानं, कोलीम, इस्त्रीचे कपडे, ताप मोजायचं यंत्र, एकदा तर त्यांचा रडणारा नातू, सगळं याच वाटेने इकडचं तिकडे झालंय. मावशी घरात कादोडी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की समोर कोण आहे हे न बघता पुन्हा कादोडी.

"नात आलीय ना पुण्याहून," मी सांगायला लागले. "नऊ वर्षांची. काल संध्याकाळी विचारते, आजी, इथे पिझ्झा येतो का? जणू आम्ही अंदमानात राहतो. मला लागलं ते. म्हटलं, येतो म्हणजे काय, धावत येतो."

"इथेच चुकलीस," मावशी म्हणाल्या.

मुलाने त्याच्या फोनवरून मागवला. दुकान स्टेशनजवळचं, पाच-सहा किलोमीटर. काहीतरी सवलत होती: सात इंची दोन घ्या, १९९ला एक. बिल आलं तेव्हा ३९८ कुठल्या कुठे राहिले. डब्याचे २०, आणून देण्याचे ४९, त्या फोनमधल्या कंपनीचे १०, पावसाचे २५, वर कर. झाले ५२७.

"पावसाचे पंचवीस?"

"पाऊस पडत असला की लावतात."

"अगो बाय! वसईत जुलैमध्ये पाऊस पडणार नाही तर काय ऊन पडणार? २०१८च्या जुलैत गाड्या बंद होत्या, स्टेशनकडे माणसं पाण्यात अडकलेली, तेव्हा किती लावले असतील यांनी?"

मी म्हटलं, तेव्हा कोणी मागवलाच नसेल. ते त्यांना पटलं नाही. होळीत कोण काय मागवेल याचा भरवसा नाही, हे त्यांचं मत काही अगदीच चुकीचं नाही.

सात चाळीसला ऑर्डर गेली. पस्तीस मिनिटं, असं फोन म्हणाला. नात फोन मांडीवर घेऊन बसली. हल्ली जेवणापेक्षा जेवणाची गाडी बघण्यात मुलांना जास्त रस. नकाशावर एक इवलीशी स्कूटर माणिकपूरहून निघाली, बाभोळ्याला थांबली, पापडीला आली. इथपर्यंत सगळं छान. मग ती होळीत शिरली आणि आमच्याकडे वळण्याऐवजी सरळ जाऊन बावखलाच्या मधोमध उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, स्कूटर पाण्यात. नात ओरडली, "आजी, दादा बुडाला!"

मावशी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्या बावखलात खरंच पडलेत लोक. भिवंडीचा एक टेम्पो पडला होता." मग माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघून म्हणाल्या, "किती वाजले होते तेव्हा?"

"साडेआठ असतील. तेवढ्यात वीज गेली."

"हं," मावशी म्हणाल्या आणि खाली बसून विळी हातात घेतली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग मी त्या मुलाला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, मैं क्रॉस के पास खडा हूँ." आता होळीत क्रूसाजवळ उभा आहे म्हणणं म्हणजे पुण्यात मारुतीच्या देवळाजवळ उभा आहे म्हणण्यासारखं. वळणावर क्रूस, वाडीच्या तोंडाशी क्रूस, विहिरीपाशी क्रूस. विचारलं, कौनसा क्रॉस? तर म्हणे, सफेद वाला. सगळेच सफेद आहेत. नाताळाआधी चुना लावतात सगळ्यांना. मी सांगितलं, फणसाचं झाड दिसतं का? तो म्हणाला, मॅडम, लाइट नहीं है, पेड सब काला है. हे मात्र खरं होतं. मग म्हणाला, बॅटरी दोन टक्के आहे. आणि फोन गेला.

आमच्या पत्त्याची गंमतच आहे. घराला नंबर आहे, पण तो घरपट्टीच्या पावतीवर. २००९मध्ये महानगरपालिका झाली, २०१४मध्ये आम्ही ठाण्यातून पालघर जिल्ह्यात गेलो, कागदावरचा पत्ता दोनदा बदलला. पोस्टमन मात्र अजून सासऱ्यांच्या नावाने विचारत येतो, आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. इथे पत्ता म्हणजे माणूस. स्टेशनबाहेर रिक्षावाले 'होळी, होळी' ओरडत असतात, त्यांना नुसतं 'मास्तरांच्या मागे' म्हटलं की दारात आणून सोडतात. उपग्रहाला मास्तर माहीत नाहीत.

"कोण घेतंय माझं नाव?" पलीकडून मास्तरांचा, म्हणजे मावशींच्या यजमानांचा, आवाज आला. ते ओटीवरून उठून मागल्या दारात खुर्ची घेऊन आले होते. पस्तीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. वसईतल्या निम्म्या दुकानदारांचे कान पिळलेत, त्यामुळे त्यांना कुठेही सुटे पैसे बरोबर मिळतात.

मी पुढे सांगत राहिले. त्या फोनमधल्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. विचारलं, आपण कुठून बोलता? म्हटलं, होळीहून. ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, होली को तो अभी बहुत टाइम है." मी म्हटलं, अहो, होळी गावाचं नाव आहे. ती म्हणाली, "जी मॅडम, आपको और आपके परिवार को होली की शुभकामनाएँ." आषाढात! बाहेर आभाळ फाटलंय, आत मेणबत्ती, नात उपाशी, आणि मी शुभेच्छा घेतेय.

मास्तर खो खो हसले. मावशी मात्र खाली मान घालून बोंबलांची डोकी उडवत होत्या. नेहमीपेक्षा जरा जोरात.

"शेवटी आला कधी?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ वीसला. एक तास चाळीस मिनिटं."

मग मास्तरांनी माहिती दिली. मास्तरांकडे प्रत्येक गोष्टीची माहिती असते, आणि ती ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणाले, अर्ध्या तासात पिझ्झा नाहीतर फुकट, ही अट मुळात अमेरिकेतली, डॉमिनोजवाल्यांची. १९६०मध्ये मिशिगनात दोन भावांनी दुकान घेतलं, तिथून वाढलेली कंपनी. ऐंशीच्या दशकात या अर्ध्या तासाच्या अटीवर त्यांनी धंदा वाढवला. पोरं घड्याळाकडे बघत गाड्या हाकायला लागली. एका बाईच्या गाडीला अशाच एकाने धडक दिली, ती कोर्टात गेली, आणि १९९३मध्ये ज्युरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई ठोठावली. त्यानंतर त्यांनी तिकडे ती अट काढून टाकली. तिसऱ्या वर्षी, १९९६मध्ये, तीच कंपनी दिल्लीत आली आणि इकडे पुन्हा अर्धा तास सुरू.

"तुझा त्यांच्याकडचा होता?"

"नाही हो. हे दुसरंच काहीतरी दुकान. याने अट घातलीच नव्हती, नुसती आशा लावली होती."

"आणि आकार?"

"सात इंची दोन."

मास्तरांनी डोळे मिटले. मावशी पुटपुटल्या, झालं सुरू. "साडेतीनचा वर्ग सव्वाबारा," मास्तर म्हणाले, "गुणिले बावीस सप्तमांश, साडेअडतीस. दोन्ही मिळून सत्त्याहत्तर चौरस इंच. दहा इंची एकच घेतला असतास तर साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे दोन घेऊनही एकापेक्षा कमीच मिळालं तुला. दहा इंची केवढ्याला होता?"

"३६९."

"बघ! एकोणतीस रुपये जास्त देऊन दीड चौरस इंच कमी. शिवाय परीघ काढ. दोघांचा काठ चव्वेचाळीस इंच, एकट्याचा साडेएकतीस. काठावर ना टोमॅटो ना चीज. कोरडा पाव नुसता. म्हणजे माल कमी आणि काठ जास्त."

गणितात मी कायम काठावर पास. पण या हिशेबाने मला जो चटका लागला तो त्या पिझ्झ्याने काही लावला नव्हता. तो गारच होता.

"गार तर होणारच," मावशी पहिल्यांदा बोलल्या. "गरम भाकरी झाकून ठेवली की तिला घाम सुटतो नि तळाला चामडं होतं. हे तर पुठ्ठ्यात."

तेच झालं होतं. पुठ्ठा भिजून मऊ पडला होता, तळाची पोळी ओल्या वर्तमानपत्रासारखी. पण खरा घोटाळा वेगळाच. मेणबत्तीच्या उजेडात डबा उघडला, तर पिझ्झ्यावर काहीच नाही. चीज, ढोबळी मिरची, मका, सगळं घसरून एका बाजूला गोळा झालेलं, अर्धं झाकणाला चिकटलेलं. दरड कोसळल्यावर रस्त्याचं होतं तसं. दुसराही तसाच, त्याच बाजूला. नातीला आणखी एक दुःख. पुण्यात एकदा तिला डब्यात तीन पायांचं छोटं पांढरं प्लास्टिकचं टेबल मिळालं होतं, ते बाहुल्यांना झालं. त्याला जोडीचं दुसरं टेबल यात असेल अशी तिची आशा होती. नव्हतं. मुलाने लगेच शोधून वाचून दाखवलं: झाकण खाली दबून चीजला चिकटू नये म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या एका बाईंनी ते शोधलं, १९८५मध्ये त्याचं पेटंट मिळालं. म्हटलं, त्या बाईंना नमस्कार. पण टेबल असतं तरी सगळं एकाच अंगाला कसं गेलं, ते कळेना. डबा उभा धरल्याशिवाय असं होत नाही.

मावशी बोंबील धुवायला वळल्या.

"आणि ते चीज," मी म्हटलं, "गार झाल्यावर सायकलच्या ट्यूबसारखं. नातीने दाताने ओढलं ते पार कोपरापर्यंत आलं."

"चीज म्हशीच्या दुधाचं असायला हवं," मास्तर म्हणाले. "इटलीत दक्षिणेला म्हशी पाळतात. अस्सल मोझरेला त्यांच्या दुधाचं."

"मग आमच्या म्हशींनी काय घोडं मारलं होतं?" मावशी फिरून उभ्या राहिल्या. विषय म्हशींवर गेल्याने त्यांना बळ आलं असावं. "माझ्या सासऱ्यांच्या अकरा म्हशी होत्या. पहाटे तीनला धार. कॅन घेऊन वसईरोडला, तिथून गाडीने मुंबई. उशीर झाला की दूध नासायचं. नासलं की गिऱ्हाईक गेलं. आणि आम्ही बाया भाजीच्या पाट्या घेऊन पहिल्या गाडीला. माझी सासू सत्तरीपर्यंत दादरला जात होती. मोगरा उमलायच्या आत बाजारात पोचला पाहिजे. तेव्हा कुणाच्या हातात नकाशा होता गो? आता मुंबईकडून आमच्याकडे पाव यायचा नि तोही चुकायचा!"

पाव म्हणाल्या ते मला आवडलं. पिझ्झा म्हणजे शेवटी आंबवलेल्या पिठाचा चपटा पावच की. आणि वसईला पाव कुणी शिकवावा? १५३४मध्ये पोर्तुगीज आले, १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं, पण पाव राहिला. शब्दसुद्धा त्यांचाच. यीस्टची पुडी मिळत नव्हती तेव्हा पीठ ताडीने फुगवायचे. मावशींच्या आई फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडी घालून रात्री झाकून ठेवत, आणि सकाळी ते परातीबाहेर आलेलं असे. हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या पिठाचा वास मला माझ्याच लहानपणीचा वाटतो. मी वाढले दादरला, चाळीत, तिथे ताडीचं नाव काढलं असतं तर आजीने घराबाहेर काढलं असतं.

"मग पुढे काय केलंस?" मास्तरांनी विचारलं. "तक्रार?"

केली ना. मुलाने फोनवर लिहिलं. पलीकडून कोणी माणूस नव्हताच, यंत्र होतं. त्याला आमचा मनस्ताप समजला, असं त्याने चार वेळा कळवलं. फोटो मागितला. मेणबत्तीच्या उजेडातला फोटो त्याला ओळखू येईना. त्यात पिझ्झा दिसत नाही, म्हणाला. हा तेवढा त्याचा खरेपणा. शेवटी ७५ रुपयांचं कूपन दिलं, तीन दिवसांत वापरायचं, ३०० रुपयांच्या वर मागवलं तरच. म्हणजे अपमानाची भरपाई म्हणून पुन्हा अपमान करून घ्यायला या, वाटेत सूट देतो.

"आणि त्या पोराला मी एकच तारा दिला," मी म्हटलं. "पाचातला एक. तो आला तेव्हा रागच आला होता मला. डोकं कोरडं, तोंडाला चहाचा वास. म्हटलं, आम्ही इथे उपाशी आणि हा कुठेतरी टपरीवर बसून चहा पितो. पाणीसुद्धा विचारलं नाही मी."

वईपलीकडे एकदम शांतता झाली. मास्तरांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी मास्तरांकडे बघितलं नाही.

"टपरी नव्हती ती," मास्तर म्हणाले. "आमची ओटी होती."

मग सगळं बाहेर आलं. साडेआठला वीज गेली, तेवढ्यात एक पोरगा नखशिखांत भिजलेला मावशींच्या ओटीसमोर येऊन उभा राहिला. नकाशाने त्याला तिथेच आणलं होतं. आधी समोर बावखलाच्या काठाला आणि मग ओटीवर. त्याने पार्सलवरचं नाव वाचून दाखवलं. ते माझ्या मुलाचं शाळेतलं नाव. मावशी त्याला जन्मापासून बाळा म्हणतात. त्याचं खरं नाव त्यांनी लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असेल तेवढंच. म्हणाल्या, असा कुणी इथे राहत नाही. दोन घरं सोडून भाडेकरू आलेत, ते असतील. पोरगा तिकडे गेला, परत आला. थरथर कापत होता. नालासोपाऱ्याला राहतो, आई आजारी, दिवसाला बारा तास गाडीवर. मावशींनी टॉवेल दिला, आलं घालून चहा केला. फोन मरून पडला होता, तो नातवाच्या बॅटरीच्या डब्याला लावून दिला. वीसेक मिनिटं बसला. फोन जिवंत झाल्यावर नकाशा पुन्हा बघितला आणि बावखलाला वळसा घालून निघाला.

मी इकडे होळीच्या शुभेच्छा घेत होते तेव्हा माझा पिझ्झा चार पावलांवर होता. हात लांब केला असता तर वईवरून मिळाला असता.

"पण मावशी, पिझ्झा! त्याचे डबे कुठे होते?"

"होते की ओटीवर."

"कसे होते?"

मावशींनी पदराला हात पुसले. "तिथे कौलातून गळतं. खाली पाणी झालेलं. ती पिशवी त्याने बाकावर ठेवली होती, तर मांजर येऊन हुंगायला लागलं. मी आपले डबे काढून भिंतीला लावून उभे केले."

"उभे?"

"मला काय ठाऊक गो! चौकोनी, पातळ, पुठ्ठ्यात. मला वाटलं कुणी फोटोची फ्रेम मागवलीय."

मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशी कादोडीत काहीतरी म्हणाल्या, ते त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, कळलं नाही. मला हसू येत होतं, पण तो एक तारा घशात अडकला होता. दुपारी नातीला सांगून तो बदलायचा प्रयत्न केला. कुठली कुठली बटणं दाबली, काही जमलं नाही. त्या पोराचा नंबरही गेलेला. त्याच्या खात्यावर होळीच्या एका बाईचा एक तारा बसलाय. तोही, ज्या चहापायी आला, त्या चहाला पाच द्यावेत असा.

मी परत परसात आले तेव्हा मावशी वईपाशीच उभ्या होत्या, हातात झाकलेली ताटली. आत फुग्या, अजून गरम. रविवार होता, केल्या असतील नेहमीच्याच. पण नेहमी चार येतात, आज मोजल्या तर अकरा होत्या.

"ते कूपन किती दिवस चालतं म्हणालीस?"

"तीन दिवस. का?"

"उद्या मागव. पोरगी रडत जायला नको पुण्याला." मावशी वईवर रेलल्या. "पत्ता माझा दे. त्यांच्या नकाशाला माझीच ओटी ठाऊक आहे तर तीच दे. नाव मात्र बाळा टाक. मी इथून देईन तुला, हातोहात."

"आडवा धरून," मी म्हटलं.

"आडवा धरून," मावशी म्हणाल्या.

आतून मास्तरांचा आवाज आला, "दहा इंची सांग गो तिला!"